बोरघाटाचा मक्ता
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढील सारें आयुष्य वर्धा जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना इतिहास आणि गणित शिकविण्यांत गेलें. तेव्हां आजचें भाषण एखाद्या संशोधकाचें नसून एका सेवानिवृत्त शिक्षकाचें आहे, हें ध्यानांत घेऊन आपण तें ऐकावें, अशी विनंती आहे. विषय आहे बोरघाटांतील लोहमार्गाच्या बांधकामाचा. त्या घाटाचें वर्णन आपण पुष्कळदां ऐकलें असेल. मला आज सांगावयाचें आहे तें त्यांतील बोगद्यांविषयीं तितकेंसें नाहीं, जितकें त्या बोगद्यांमागील कागदांविषयीं आहे. तें काम करण्यासाठीं कोणी कोणाशीं कोणता करार केला, आणि करारांच्या त्या साखळीची शेवटची कडी कोणाच्या हातीं होती, हें आपण पाहूं.

या विषयाकडे मी वळलों तो एका लाजिरवाण्या प्रसंगामुळें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेसाठीं एक सभागृह बांधावयाचें ठरलें. बांधकाम समितीचा चिटणीस मी होतों. आम्हीं निविदा मागविल्या आणि रिवाजाप्रमाणें ज्याची रक्कम सर्वांत कमी त्याला काम दिलें. त्या ठेकेदारानें तें दुसऱ्या एकास दिलें, आणि त्या दुसऱ्यानें मजुरांसाठीं एक मुकादम गांठला. भिंती उभ्या राहिल्या, छत चढलें, आणि आम्हीं ठेकेदाराचें देयक चुकतें केलें. त्यानंतर आठ दिवसांनीं शाळा भरण्याच्या वेळीं पाहतों तों यवतमाळकडील अठरा मजूर, स्त्रिया आणि पुरुष, शाळेच्या व्हरांड्यांत बसलेले. त्यांची दीड महिन्याची मजुरी कोणीच दिली नव्हती. मुकादम नाहींसा झाला होता आणि ठेकेदार म्हणत होता कीं, मीं पैसे खालच्यास केव्हांच दिले. मीं त्या मजुरांना करारनामा दाखविला आणि सांगितलें कीं, आमचा करार ठेकेदाराशीं आहे, तुमच्याशीं नाहीं. त्यांच्यांतील एक वयस्क बाई म्हणाली, "गुरुजी, त्या ठेकेदाराले कोन वळखते? आमी त शाळा पाहून कामाले लागलो." मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें वाचनांत बोरघाटाचा इतिहास आला तेव्हां मला कळून चुकलें कीं, त्या बाईचा प्रश्न आमच्या व्हरांड्याहून पुष्कळ जुना आहे.

आतां वर्ध्याच्या माणसानें बोरघाटाविषयीं बोलावें, याचें आणखी एक कारण आहे. वर्धा शहर हें लोहमार्गाच्याच काळाचें अपत्य होय. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वर्धा जिल्हा वेगळा करण्यांत आला. आरंभीं त्याचें मुख्य ठाणें पुलगांवजवळील कवठा येथें होतें. १८६६ सालीं तें पालकवाडी या खेड्याच्या जागीं आणून नवें शहर आंखण्यांत आलें, आणि त्या शहरास नदीचें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपुरास पोंचला. तोंपर्यंत हिंगणघाट, देवळी, आर्वी येथील कापूस गाड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर लादून दूरच्या बाजारांस जात असे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां आपल्या काळ्या मातीची किंमत विलायतेंत अधिकच कळली. आपल्याकडे येणारा हा मार्ग सह्याद्रि चढतो तो कसारा-इगतपुरीच्या थळघाटानें. तो घाट १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला. पुण्याकडे जाणारा बोरघाट त्याच्या आधीं पुरा झाला. कंपनी एकच, आणि मक्त्यानें काम करवून घेण्याची रीतहि एकच. परंतु बोरघाटांत त्या रीतीची परीक्षा अधिक कडक झाली, म्हणून मीं तो निवडला आहे.

साखळीची पहिली कडी लंडनमध्यें घडली. १८४९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पार्लमेंटच्या कायद्यानें ही रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस ईस्ट इंडिया कंपनीनें तिच्याशीं करार केला. त्याचीं मुख्य कलमें दोन. मार्गासाठीं लागणारी जमीन सरकारनें विनामूल्य द्यावी, हें एक. कंपनीच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें द्यावी, हें दुसरें. गाड्यांचें उत्पन्न कमी पडलें तर ती तूट सरकारी तिजोरींतून भरून निघावयाची, म्हणजे शेवटीं ती येथील रयतेनें भरावयाची. भागधारकानें पैसा घातला, पण त्याचा धोका मात्र त्यानें पत्करला नाहीं. पांच टक्क्यांची ही हमी आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसरी कडी मुंबईंत घडली. कंपनीचा प्रमुख इंजिनियर जेम्स जॉन बर्कले हा १८५० च्या आरंभीं मुंबईस आला. हजारों माणसें स्वतः कामावर ठेवणें कंपनीस शक्य नव्हतें. इंग्लंडांत लोहमार्ग ज्या पद्धतीनें बांधले गेले त्याच पद्धतीनें तिनें मार्गाचे तुकडे पाडले आणि एकेका तुकड्याचा मक्ता ठराविक रकमेस देऊं केला. मुंबई-ठाणें मार्गाचें काम फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज मक्तेदारांनीं केलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं त्या २१ मैलांवरून पहिली उतारूंची गाडी धांवली, हें आपणा सर्वांस ठाऊकच आहे. कंपनीकडून थेट मक्ते घेणाऱ्या एतद्देशीयांत जमशेटजी दोराबजी नायगमवाला या पारशी गृहस्थाचें नांव अग्रगण्य आहे. सुतारकामापासून आरंभ करून हा मनुष्य रेल्वेचा मोठा मक्तेदार झाला. यावरून असें दिसेल कीं, मक्त्याची पद्धत सरसकट वाईट होती असें नाहीं. कर्तबगार माणसाला तिनें वाट करून दिली, आणि जें काम एका कचेरीला झेपलें नसतें तें अनेकांच्या अंगावर वांटून टाकलें.

परंतु साखळी तेथें संपत नव्हती. मोठा मक्तेदार आपल्या तुकड्याचे आणखी तुकडे करून पोटमक्तेदारांना देई. पोटमक्तेदार मुकादमाला हातीं धरी. आणि मुकादम आपल्या ओळखीच्या गांवोगांव फिरून, थोडी उचल देऊन, माणसांच्या टोळ्या आणी. मातीकामांत पिढ्यान् पिढ्या घालविलेले लोक, सुरुंग लावणारे, पाथरवट, गवंडी, पाट्या वाहणाऱ्या बाया, आणि त्यांच्या मागून आलेलीं मुलें, असा हा समाज होता. पावसाळ्यांत घाटांतील काम बहुतेक थांबे. दसऱ्याच्या सुमारास तें पुनः सुरू होई. मजुराच्या हातीं कोणताहि कागद नसे. त्याचा करार तोंडी, आणि तोहि फक्त मुकादमाशीं. वर लंडनमध्यें जो करार झाला त्याच्या कलमांची अक्षरें मोजून घेतलेलीं होतीं. खालीं खंडाळ्याच्या दरींत जो करार झाला त्यांत लिहिण्यासारखें असें कांहीं कोणी मानलेंच नाहीं. पांच टक्क्यांची हमी भागधारकाला होती. चार आण्यांची हमी बिगाऱ्याला नव्हती. माझ्या सर्व भाषणाचें सार या एका वाक्यांत आहे.

बोरघाटाचा मक्ता १८५५ सालीं त्याच फॅव्हिएलला मिळाला आणि २४ जानेवारी १८५६ रोजीं कामास आरंभ झाला. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. काळ्या कठीण खडकांतून २५ बोगदे पाडावयाचे आणि दऱ्यांवर कमानींचे उंच पूल बांधावयाचे होते. कांहीं ठिकाणीं उभ्या कड्यावर पाय ठेवावयास जागा नसल्यानें माणसांना दोरानें खालीं सोडून सुरुंगांचीं भोंकें पाडावीं लागत. अशा कामाचा खर्च आधीं ठरविणें हेंच मुळीं धाडसाचें होतें. अंदाज चुकला म्हणजे तोटा प्रथम मक्तेदारास लागे. तो आपला तोटा पोटमक्तेदारावर ढकली, पोटमक्तेदार मुकादमावर, आणि मुकादमाच्या खालीं ढकलावयास मजुराशिवाय कोणी उरलेला नसे.

१८५९ च्या जानेवारींत याचा परिणाम दिसून आला. मजुरी थकलेल्या कामकऱ्यांचा संयम सुटला आणि घाटांत मोठी दंगल झाली. सरकारास तिची दखल घ्यावी लागली. दंगलीच्या मुळाशीं थकलेली मजुरी होती. मजुरांच्या हातीं न्याय मागण्याचें दुसरें साधन नव्हतें. करार ज्या मुकादमाशीं तो दरिद्री किंवा परागंदा, आणि ज्याच्यासाठीं काम केलें त्या कंपनीशीं त्यांचा कागदोपत्रीं कांहींच संबंध नाहीं. त्याच वर्षीं फॅव्हिएलनें मक्ता सोडून दिला.

नंतर तो मक्ता सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज मक्तेदारानें घेतला. तो १८५९ च्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून मरण पावला. त्याची विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें मक्ता परत केला नाहीं. तिनें ॲडमसन आणि क्लाउजर या दोघां अनुभवी माणसांच्या हातीं कामाची व्यवस्था सोंपविली आणि मक्ता आपल्या नांवानें शेवटास नेला. त्या काळीं एका स्त्रीनें, परदेशांत, वैधव्याच्या दुःखांत, एवढा बोजा उचलावा ही गोष्ट खरोखर असामान्य आहे. पण त्याच हंगामांत घाटांतील मजुरांच्या वस्त्यांत पटकीची भयंकर सांथ झाली आणि माणसें मोठ्या संख्येनें मेलीं. ॲलिस ट्रेडवेल हिचें नांव आपण आज घेऊं शकतों. पटकीनें मेलेल्या एकाहि पाटीवालीचें नांव कोणत्याहि करारपत्रांत नाहीं.

१८६१ च्या जानेवारींत घाटांत काम करणाऱ्यांची संख्या ४२,००० वर गेली होती. बर्कले घाट पुरा होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, इंग्लंडांत वारला. २१ एप्रिल १८६३ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें मार्गाचें उद्घाटन झालें. कामास सात वर्षांहून अधिक काळ लागला होता. मुंबईहून पुण्यास सलग लोहमार्गानें जातां येऊं लागलें, आणि या देशांतील एक मोठें बांधकाम म्हणून जगभर त्याचें नांव झालें. तें नांव योग्यच होतें.

तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. चार वर्षांनीं, १८६७ च्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, या घाटांतील एक मोठा कमानींचा पूल कोसळला. रेल्वेच्या दप्तरांत त्याचें नांव 'माहू-की-मल्ली' असें आहे. चौकशी झाली तेव्हां दगडी बांधकाम निकृष्ट असल्याचें आढळून आलें, आणि कंपनीच्या इतर ठिकाणच्या बांधकामांकडेहि संशयानें पाहण्याची वेळ आली.

१८५९ ची दंगल आणि १८६७ चा पडलेला पूल यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल. मला तो संबंध फार जवळचा वाटतो. ठराविक रकमेचें काम हातोहात खालीं जाऊं लागलें कीं, प्रत्येक हात आपला नफा काढून घेतो. अगदीं शेवटच्या हाताला बचत करावयास दोनच जागा राहतात. एक मजुराची मजुरी आणि दुसरी भिंतीचें पोट. मजुरी बुडविली तर मजूर ओरडतो, म्हणून ती चोरी लवकर उघडकीस येते. भिंतीच्या पोटांत चुना कमी घातला, किंवा दोन्ही बाजूंस घडीव दगडाची तोंडें लावून मधें नुसती खडी भरली, तर भिंत ओरडत नाहीं. ती चार पावसाळे वाट पाहते. आमच्या शाळेच्या सभागृहाचें छत दुसऱ्याच पावसाळ्यांत गळूं लागलें, तेव्हां मला हें कळलें. ज्या कामावर मजुरी बुडते तें काम आंतून पोकळ असण्याचा संभव असतो, असें मी तेव्हांपासून धरून चालतों.

कायद्यानें यावर काय केलें, हेंहि पाहिलें पाहिजे. १८५९ सालीं एक कायदा झाला, तो उचल घेऊन काम सोडून जाणाऱ्या कामकऱ्यास शिक्षा करण्यासाठीं. पुढच्या वर्षीं, १८६० सालीं, दुसरा झाला, तो रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांसाठीं. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट तोडावे ही त्यांतील चांगली गोष्ट होय. पण मजुरानें कबूल केलेलें काम सोडलें तर तो फौजदारी गुन्हा ठरे. मालकानें करार मोडला तर पैशाचा प्रश्न आणि मजुरानें मोडला तर तुरुंगाचा, असा हा न्याय होता. पहिला कायदा रद्द करण्याचा ठराव १९२५ सालीं झाला आणि दुसरा १९३२ सालीं रद्द झाला. मधल्या काळांत, १८७२ सालीं, हिंदुस्थानचा कराराचा कायदा आला. त्यानें व्यवहारास शिस्त लावली. पण करार ज्यांच्यांत झाला त्यांनाच त्याचा दावा, हें न्यायाचें तत्त्व बाहेर उभ्या असलेल्या मजुराच्या उपयोगाचें नव्हतें. मजुरी वेळेवर आणि पुरती मिळावी यासाठीं वेगळा कायदा होण्यास १९३६ साल उजाडावें लागलें. आणि ठेकेदारानें मजुरी दिली नाहीं तर ज्याचें काम आहे त्या मूळ मालकानें ती दिली पाहिजे, हें स्पष्ट शब्दांत सांगितलें तें १९७० च्या कंत्राटी कामगारांविषयींच्या कायद्यानें. बोरघाटाच्या दंगलीनंतर १११ वर्षांनीं त्या बाईच्या प्रश्नास कागदावर उत्तर मिळालें.

येथें मला आणखी एक कबुली दिली पाहिजे. आमच्या व्हरांड्यांत ते मजूर बसले होते त्या वेळीं हा कायदा अमलांत होता, आणि मला त्याची गंधवार्ताहि नव्हती. पुढें मीं तो वाचला तेव्हां असें दिसलें कीं, त्याची मर्यादा वीस मजुरांची होती, आणि आमच्या कामावर होते अठरा. म्हणजे कायदाहि आमच्या व्हरांड्याच्या बाहेरच उभा राहिला होता. कायदा कितीहि चांगला असला तरी त्याला कोठें तरी रेघ ओढावी लागते, आणि रेघेच्या पलीकडे जो राहतो त्याला अखेर माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवरच अवलंबून राहावें लागतें.

ज्या वर्षीं मजुरी देण्यासंबंधींचा कायदा झाला त्याच वर्षीं, १९३६ सालीं, वर्ध्यापासून थोड्या अंतरावरील शेगांव या खेड्यांत महात्मा गांधी राहावयास आले. तेंच आजचें सेवाग्राम. तेथें बांधलेल्या आदिनिवासाविषयीं त्यांची अट अशी होती कीं, सामान जवळपासचें असावें, कारागीर गांवचे असावेत आणि खर्च अगदीं मर्यादित असावा. माती, बांबू, लांकूड यांची ती कुटी शाळेच्या सहलींत मीं कितीदां तरी मुलांना दाखविली आहे. त्या अटींतील अर्थ मला उशिरा कळला. तेथें साखळीला मधल्या कड्या जवळजवळ नव्हत्याच. ज्यानें घर बांधविलें तो, ज्यांनीं बांधलें त्यांच्या शेजारीं राहावयास आला. शेजाऱ्याची मजुरी बुडविणें कठीण असतें.

आतां कोणी म्हणेल, अशा रीतीनें बोरघाट बांधतां आला असता काय? नसता. बेचाळीस हजार माणसांचें काम शेजारधर्मावर चालत नाहीं. तेथें मक्ते लागतात, मोजमापाच्या वह्या लागतात, अनामत रकमा लागतात. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, साखळी लांब करणें ज्याला सोयीचें पडतें, त्यानेंच शेवटच्या कडीपर्यंत चालत जाऊन पाहण्याचा त्रास घेतला पाहिजे. कंपनीनें तो घेतला असता तर १८५९ ची दंगल टळण्यासारखी होती, आणि कदाचित् पूलहि उभा राहिला असता.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं घर बांधलें असेल किंवा बांधावयाचें मनांत असेल. चुन्या-सिमेंटची प्रत आपण हातानें चोळून पाहतां. विटा वाजवून पाहतां. त्याबरोबरच ठेकेदाराला एक प्रश्न विचारीत जावा कीं, हें काम तूं आणखी कोणाला देणार आहेस? आणि शेवटचा हप्ता चुकता करण्यापूर्वीं हजेरीपट मागवून, पाट्या वाहणाऱ्या बायांना त्यांची मजुरी पोंचली कीं नाहीं, हें स्वतः विचारावें. याला पैसा लागत नाहीं, अर्धा तास लागतो.

आमच्या समितीच्या सभासदांनीं मागाहून वर्गणी काढून त्या मजुरांची जेमतेम निम्मी मजुरी दिली. तोंपर्यंत अठरांपैकीं अकरा जण दुसऱ्या कामाच्या शोधांत निघून गेले होते. ती बाई थांबली होती. तिनें पावतीवर आंगठा उठविला, पैसे पदरांत बांधले आणि कांहीं न बोलतां निघून गेली. उरलेली निम्मी रक्कम माझ्या हिशेबांत अजून येणें नव्हे, देणें म्हणून लिहिलेली आहे.